द्रव्याचे धडे: आधी काटा आणि तापमापी, मग कणांचे चित्र

रसायनशास्त्राचे पहिले धडे नुकतेच शिकवू लागलेल्या एका शिक्षिकेचा प्रश्न असा आहे: मुलांना द्रव्याची व्याख्या, त्याच्या तीन अवस्था आणि भौतिक व रासायनिक बदलांतील फरक तोंडपाठ असतो, परंतु उकळत्या पाण्यातल्या बुडबुड्यांत काय असते, किंवा विरघळलेल्या मिठाचे वजन कुठे गेले, असे विचारले की बहुतेकांची उत्तरे चुकतात. तर या धड्यांचा क्रम कसा लावावा, कोणते प्रयोग करावेत आणि कणांचे चित्र फळ्यावर केव्हा काढावे?

माझे मत असे आहे की कणांचे चित्र शक्य तितके उशिरा काढावे. द्रव्य लहान लहान कणांचे बनलेले आहे हे वाक्य ज्या धड्याच्या पहिल्याच परिच्छेदात येते, त्या धड्यात मुलांना ज्या गोष्टीचे स्पष्टीकरण द्यायचे ती गोष्ट पाहण्याआधीच स्पष्टीकरण ऐकावे लागते. मग ते पाठ करण्यावाचून त्यांच्यापुढे मार्ग उरत नाही. पदार्थाला काही ठराविक, मोजता येण्याजोगे गुणधर्म असतात आणि त्यांवरून पदार्थ ओळखता येतो, हे आधी मुलांच्या हाताने आणि त्यांच्याच वहीतल्या आकड्यांनी ठरले पाहिजे. त्यानंतर कण आले, तर ते एखाद्या खऱ्या प्रश्नाचे उत्तर म्हणून येतात.

सुरुवात वस्तुमानापासून करावी आणि त्यातही वायूपासून करावी. ज्याला वस्तुमान असते आणि जे जागा व्यापते ते द्रव्य, ही व्याख्या दगडाला आणि पाण्याला लागू पडते हे सांगायला शिक्षकाची गरज नसते; ती हवेला लागू पडते हे मात्र मुलांना मनातून पटलेले नसते. यासाठी काठीच्या दोन टोकांना फुगवलेले फुगे बांधून त्यातला एक फोडण्याचा प्रयोग सर्रास दाखवला जातो. तो टाळावा असे मी आग्रहाने सांगेन. फुगलेला फुगा स्वतःच्या आकाराइतकी बाहेरची हवा बाजूला सारतो आणि तेवढ्या हवेच्या वजनाइतके उद्धरण त्याच्यावर वर ढकलत असते. त्यामुळे आतल्या हवेचे जवळजवळ सगळे वजन काठीला जाणवतच नाही. जाणवते ती केवळ रबराच्या ताणामुळे आत किंचित दाटून बसलेली जादा हवा, आणि ती इतकी थोडी असते की काठी कलली तरी कशामुळे कलली हे खात्रीने सांगता येत नाही.

त्याऐवजी फुटबॉल घ्यावा. तो आधीच गोल झालेला पण मऊ असताना ०.१ ग्रॅमपर्यंत दाखवणाऱ्या इलेक्ट्रॉनिक काट्यावर तोलावा, मग पंपाने कडक होईपर्यंत हवा भरून पुन्हा तोलावा. नेहमीच्या मोठ्या फुटबॉलचे आकारमान साडेपाच लीटरच्या आसपास असते आणि हवा भरताना ते फारसे बदलत नाही, म्हणून उद्धरणही बदलत नाही. आतला दाब वातावरणाच्या दाबाच्या ०.६ पटीने वाढवला, तर आत सुमारे सव्वातीन लीटर हवा जास्तीची गेली असे होते. खोलीच्या तापमानाला एक लीटर हवेचे वस्तुमान सुमारे १.२ ग्रॅम असल्यामुळे काटा जवळजवळ ४ ग्रॅमने वाढलेला दिसतो. ही वाढ मुले स्वतः वाचतात आणि मग हवा भरल्यावर चेंडू हलका होईल असे आधी सांगणारी मुले आपणहून प्रश्न विचारू लागतात. आधी अंदाज लिहून घेणे आणि मगच काटा पाहणे, ही शिस्त येथूनच लावावी.

त्यानंतर विरघळणे. १०० ग्रॅम पाणी आणि १० ग्रॅम मीठ वेगवेगळे तोलून, मिसळून, पुन्हा तोलायचे. ११० ग्रॅम येतात आणि येथे शिक्षकाने काही बोलण्याची गरज नसते. मात्र लगेच पुढचा प्रश्न विचारावा की आकारमानाचे काय झाले, कारण वस्तुमानाची बेरीज जुळते म्हणून आकारमानाचीही जुळेल असे मुले गृहीत धरतात. ५० मिलीलीटर पाणी आणि ५० मिलीलीटर इथेनॉल मिसळले, तर मोजपात्रात १०० मिलीलीटर भरत नाहीत. ९६ ते ९७ मिलीलीटरच्या आसपास भरतात. वजन मात्र तंतोतंत तेवढेच असते. वस्तुमान टिकते, आकारमान टिकेलच असे नाही, हा फरक एका तासात कायमचा बसतो. त्याचे कारण तेव्हाच सांगण्याची घाई करू नये. प्रश्न वहीत लिहून ठेवावा.

वायू तयार होणाऱ्या क्रियेत वस्तुमान टिकते हे दाखवतानाही फुग्याचीच अडचण येते. व्हिनेगरच्या बाटलीच्या तोंडावर खाण्याचा सोडा भरलेला फुगा चढवून तो उलटा केला, की फुगा फुगतो आणि काटा खाली उतरतो. वायू कुठेही निसटलेला नसतो, तरीही उतरतो. २.१ ग्रॅम सोड्यापासून १.१ ग्रॅम कार्बन डायऑक्साइड मिळतो, त्याचे आकारमान खोलीच्या तापमानाला सुमारे ६०० मिलीलीटर असते, आणि फुगा तेवढी हवा बाजूला सारत असल्यामुळे वजनात अर्ध्या ग्रॅमहून अधिक घट दिसते. हे कारण ठाऊक नसलेले शिक्षक ‘कुठेतरी गळती असेल’ असे म्हणून वेळ मारून नेतात आणि मुलांनी अचूक केलेले निरीक्षण खोटे ठरवले जाते. म्हणून हाच प्रयोग शीतपेयाच्या एक लीटरच्या प्लॅस्टिकच्या बाटलीत करावा, कारण ती वायूचा दाब सोसण्यासाठीच बनवलेली असते. तळाशी ५० मिलीलीटर व्हिनेगर, त्यात उभी ठेवलेली सोड्याची छोटी परीक्षानळी, वर घट्ट झाकण, एवढीच मांडणी पुरते. बाटली तोलावी, कलती करून क्रिया होऊ द्यावी आणि पुन्हा तोलावी: आकडा बदलत नाही. मग झाकण सावकाश सैल केले, की फुस्स आवाज होतो आणि आकडा उतरतो. काचेची बाटली यासाठी कधीही वापरू नये आणि सोडा सांगितल्यापेक्षा जास्त घालू नये.

आता घनता. या विषयाला बहुतेक ठिकाणी एक तास आणि एक सूत्र एवढेच मिळते. मी त्याला किमान तिप्पट वेळ देईन, कारण वस्तूचा गुणधर्म आणि पदार्थाचा गुणधर्म यांतील भेद ज्याला घनतेत कळला, त्याला पुढे द्रवणांक, उत्कलनांक आणि विद्राव्यता समजावून सांगावी लागत नाही. वस्तुमान आणि आकारमान वस्तूचे असते: तुकडा निम्मा केला की दोन्ही निम्मे होतात. घनता तशीच राहते, म्हणून ती लोखंडाची किंवा तांब्याची असते. हे सूत्र सांगून शिकवू नये. ॲल्युमिनिअमचे लहानमोठे चार-पाच तुकडे आणि लोखंडाचे तेवढेच तुकडे द्यावेत, प्रत्येकाचे वस्तुमान काट्यावर आणि आकारमान मोजपात्रातल्या पाण्याची पातळी किती चढली यावरून काढू द्यावे आणि आलेख काढायला सांगावा. दोन धातूंच्या दोन सरळ रेषा उमटतात, दोन्ही आरंभबिंदूतून जातात, आणि तुकडा कितीही मोठा असला तरी त्याचा बिंदू आपली रेषा सोडत नाही. रेषेचा चढ म्हणजेच घनता हे मग मुलेच म्हणतात. ॲल्युमिनिअमची २.७, लोखंडाची ७.९ आणि तांब्याची ९ ग्रॅम प्रति घन सेंटिमीटरच्या किंचित खाली.

येथे एक व्यावहारिक गोष्ट लक्षात ठेवावी. तांब्याच्या १० ग्रॅमच्या तुकड्याचे आकारमान जेमतेम १.१ मिलीलीटर असते. एक-एक मिलीलीटरच्या खुणा असलेल्या मोजपात्रात वाचताना अर्ध्या मिलीलीटरची चूक सहज होते, आणि मग कुणाची घनता ६ येते, कुणाची १६. दोष मुलांचा नसतो, तुकडा लहान असतो. ९० ग्रॅमच्या आसपासचा तुकडा घेतला तर पातळी १० मिलीलीटरने चढते आणि तीच अर्ध्या मिलीलीटरची चूक पाच टक्क्यांवर येते. मोजपात्र किंचित तिरके धरून तुकडा काठावरून घसरू द्यावा, तो हवेचे बुडबुडे घेऊन गेला असल्यास हलवून ते काढावेत, आणि पाण्याच्या वक्र पृष्ठाची सर्वांत खालची कड डोळ्याच्या समान पातळीवर आणून वाचन घ्यावे. प्रत्येक गटाला वेगळा आकडा का आला, यावर होणारी चर्चा मूळ प्रयोगाइतकीच मोलाची असते.

अवस्थाबदलांसाठी तापमापी आणि घड्याळ पुरे. बारीक केलेला बर्फ चंचुपात्रात घेऊन मंद आचेवर ठेवावा आणि दर मिनिटाला तापमान लिहावे. सतत ढवळत राहणे अत्यावश्यक आहे, नाहीतर तळाचे पाणी आधीच तापते आणि बर्फ शिल्लक असतानाच तापमापी ३-४ अंश दाखवते. नीट ढवळले तर बर्फाचा शेवटचा खडा विरेपर्यंत पारा शून्याजवळून हलत नाही. खालून उष्णता चालूच आहे, तापमान मात्र वाढत नाही: मुलांच्या दृष्टीने ही या संपूर्ण प्रकरणातली सर्वांत विलक्षण गोष्ट असते, आणि ती आधी सांगून टाकली की तिची धार जाते. आकडे नंतर द्यावेत. शून्य अंशाचा एक ग्रॅम बर्फ वितळवायला ३३४ ज्यूल लागतात, म्हणजे तेवढेच पाणी शून्यापासून ८० अंशांपर्यंत तापवायला लागते जवळजवळ तितकी उष्णता. आणि उकळत्या एक ग्रॅम पाण्याची पूर्ण वाफ करायला २,२५७ ज्यूल, म्हणजे शून्यापासून शंभरापर्यंत तापवायला लागतात त्यांच्या पाचपटीहून जास्त.

उकळत्या पाण्याचे तापमान बहुतेक ठिकाणी १०० अंश येणार नाही. समुद्रसपाटीपासून दर ३०० मीटर उंचीला उत्कलनांक सुमारे एका अंशाने उतरतो आणि शाळेतल्या तापमापीची स्वतःची चूक त्यात मिसळते. मुलाला ९८ दिसले तर त्याने वहीत ९८ लिहावे. त्याला खोडून १०० लिहायला लावणे म्हणजे पुस्तक डोळ्यांपेक्षा खरे असे शिकवणे आहे, आणि विज्ञानाच्या तासात याहून मोठे नुकसान दुसरे नाही. महत्त्वाचे हे की तो आकडा जो काही येतो, तो पाणी उकळत राहिले तरी तेवढाच राहतो. मग मिठाचे दाट द्रावण उकळून दाखवावे: त्याचे तापमान एका जागी थांबत नाही, पाणी उडून जाऊन द्रावण दाट होत जाते तसे ते हळूहळू चढत राहते. शुद्ध पदार्थ आणि मिश्रण यांच्यातला फरक येथे आपोआप हाती लागतो, आणि तो व्याख्येपेक्षा उपयोगाचा असतो, कारण स्वच्छ दिसणारे मिठाचे पाणी डोळ्यांना शुद्ध पाण्यासारखेच दिसते.

बुडबुड्यांच्या प्रश्नाचे उत्तरही पात्रातच असते. पाणी तापू लागताच काचेला चिकटून जे बारीक बुडबुडे दिसतात, ते पाण्यात विरघळलेल्या हवेचे असतात. पुढे तळाशी मोठे बुडबुडे तयार होऊ लागतात. परंतु वरचे पाणी अजून पुरेसे तापलेले नसते तेव्हा ते वर येता येता आकसतात आणि पृष्ठभागाला पोहोचण्याआधीच नाहीसे होतात. मुलांना काचेजवळ येऊन, सुरक्षित अंतरावरून, हे दोन मिनिटे पाहू द्यावे. हवेचा किंवा हायड्रोजन-ऑक्सिजनचा बुडबुडा थोड्याशा गार पाण्यात असा विरून जाऊ शकत नाही. वाफेचाच जाऊ शकतो, कारण ती पुन्हा पाणी होते. पात्राच्या तोंडाशी दिसणारा पांढरा धूसर लोट म्हणजे वाफ नसून पाण्याचे बारीक थेंब आहेत आणि खरी वाफ डोळ्यांना दिसत नाही, हे वाफ बाहेर सोडणाऱ्या नळीच्या तोंडाजवळच्या रिकाम्या भासणाऱ्या जागेकडे बोट दाखवून सांगता येते.

संप्लवनाबाबत, म्हणजे स्थायू द्रव न होता सरळ वायू होण्याबाबत, मात्र एक दुरुस्ती हवी. आयोडीन वितळतच नाही, सरळ वायू होते, असे शिकवले जाते. प्रत्यक्षात ते ११४ अंशांच्या आसपास वितळते, फक्त त्याआधीच भरपूर जांभळी वाफ सोडत असल्यामुळे द्रव नजरेत भरत नाही. नवसागराचे उदाहरण तर या सदरात बसतच नाही. तापवल्यावर तो अमोनिया आणि हायड्रोजन क्लोराइड या दोन वायूंत विघटित होतो आणि थंड भागावर ते पुन्हा एकत्र येऊन नवसागर बनतो, म्हणजे ही रासायनिक क्रिया आहे. मिश्रणातून वेगळे करण्याचे कौशल्य दाखवायला नवसागर वापरावा, पण अवस्थाबदलाचे उदाहरण म्हणून देऊ नये.

इतके झाल्यावर मुलांच्या वहीत उत्तर नसलेले प्रश्न साठलेले असतात: इथेनॉल आणि पाण्याचे आकारमान का घटले, बर्फ वितळताना उष्णता कुठे गेली, एक मिलीलीटर पाण्याची सुमारे १,७०० मिलीलीटर वाफ कशी होते. आता कण आणावेत. शेवटच्या आकड्यावरून चित्रही काढता येते. आकारमान १,७०० पट झाले, तर कणांमधले अंतर त्याच्या घनमुळाइतके, म्हणजे सुमारे १२ पट झाले असले पाहिजे. आणि द्रवातले कण तर एकमेकांना जवळजवळ खेटून असतात, कारण पाणी दाबून लहान करता येत नाही. पुष्कळ पुस्तकांतल्या चित्रांत स्थायूचे कण खेटून, द्रवाचे मध्यम अंतरावर आणि वायूचे थोडे लांब काढलेले असतात. हे चित्र चुकीचे आहे आणि ते मुलांच्या मनात घट्ट बसते. स्थायूतल्या आणि द्रवातल्या कणांमधले अंतर जवळपास सारखेच असते, फरक रचनेत आणि हालचालीत असतो. पाण्याच्या बाबतीत तर बर्फातच जागा अधिक मोकळी असते, म्हणून बर्फाची घनता ०.९२ भरते आणि तो तरंगतो.

कण शिकवताना दोन गोष्टी स्पष्ट शब्दांत सांगाव्यात, कारण मुले त्या स्वतःहून उलट समजतात. पहिली, कणांच्या मधल्या जागेत हवा नसते, काहीच नसते. हवा स्वतःच कणांची बनलेली आहे. दुसरी, पदार्थाचे गुणधर्म एकेकट्या कणाला नसतात. तांब्याचा अणू तांबूस नसतो, तो ठोकून पसरवता येत नाही, पाण्याचा रेणू ओला नसतो, आणि तापवल्यावर कण फुगत नाहीत, त्यांच्यातले सरासरी अंतर वाढते. रंग, कठीणपणा, द्रवणांक हे सारे असंख्य कण एकत्र कसे राहतात यातून उद्भवतात. आधी गुणधर्म मोजून झालेले असतील, तर हे समजायला सोपे जाते. गोट्यांच्या फटींत वाळू बसते तसे इथेनॉल आणि पाणी मिसळते, ही उपमा चालते, पण कणांमधल्या आकर्षणाचाही त्यात वाटा असतो, हे एका वाक्यात सांगून ठेवावे.

मुलांना कण लगेच पटले नाहीत तर नाउमेद होऊ नये. परागकणांतून निघालेल्या सूक्ष्म कणांची पाण्यातली अखंड थरथर रॉबर्ट ब्राउन यांनी १८२७ मध्ये पाहिली; तिचे रेणूंच्या धडकांवर आधारलेले गणिती स्पष्टीकरण आइन्स्टाइन यांनी १९०५ मध्ये दिले आणि झाँ पेराँ यांच्या मोजमापांनी ते पुढील काही वर्षांत खरे ठरवले. विल्हेल्म ओस्टवाल्ड यांच्यासारख्या थोर रसायनशास्त्रज्ञाने तोपर्यंत अणूंचे अस्तित्व मान्य केलेले नव्हते.

भौतिक आणि रासायनिक बदल मी सर्वांत शेवटी घेईन. ‘उलट करता येतो तो भौतिक’ ही कसोटी टाकून द्यावी. फुटलेली काच पुन्हा जशीच्या तशी होत नाही, तरी बदल भौतिक असतो. उलट, निळ्या मोरचुदाचे ५ ग्रॅम स्फटिक मंद आचेवर तापवले तर पाणी निघून जाऊन ३.२ ग्रॅम पांढरी भुकटी उरते आणि तिच्यावर पाण्याचे थेंब टाकताच ती तापते व पुन्हा निळी होते. रंग बदलणे, बुडबुडे येणे, उष्णता निघणे या खुणाही एकट्याने पुरेशा नाहीत, कारण साधे पाणी उकळतानाही बुडबुडे येतात. विचारायचा प्रश्न एकच: वेगळे गुणधर्म असलेला नवा पदार्थ तयार झाला का? आता या प्रश्नाला उत्तर देण्याची साधने मुलांकडे असतात. लोहकीस आणि गंधक ७ : ४ या प्रमाणात मिसळले तर चुंबक लोखंड वेगळे काढतो, तेच मिश्रण हवेशीर जागी तापवले की उरलेला काळा गोळा चुंबकाला लोखंडासारखा प्रतिसाद देत नाही. मीठ पाण्यात विरघळणे भौतिक की रासायनिक, यावर वर्गात वाद झाला तर होऊ द्यावा; आयनांचा, म्हणजे विद्युतभारित कणांचा, विचार केला तर सरळ विभागणी तेथे खरोखरच पुरी पडत नाही, आणि परीक्षेपुरते अपेक्षित उत्तर वेगळे सांगता येते.

शेवटचा प्रयोग बारीक पोलादी लोकरीचा ठेवावा. काट्यावर उष्णतारोधक ताटलीत तिचा सैल पुंजका ठेवून तो पेटवला, तर ठिणग्या पसरतात, लोकर काळवंडते आणि वजन वाढते. जळले की हलके होते अशी सर्वांची खात्री असते, कारण त्यांनी लाकूड आणि कागद जळताना पाहिलेला असतो. सगळी लोकर पूर्ण जळत नसल्यामुळे वाढ गणिताइतकी येत नाही, पण ती काट्यावर स्पष्ट दिसते, आणि ती कुठून आली याचा शोध घेताना मुले ऑक्सिजनच्या धड्यापर्यंत स्वतःच पोहोचतात.